चापाजी टिळेकराचे काय?

अंगरक्षकाचे सिनेमे हल्ली घरोघर पाहिले जातात. काळा चष्मा, कानात वायर, आणि शेवटी नेत्यावर झाडलेली गोळी स्वतःच्या छातीवर घेणारा नायक. आमची नातवंडे श्वास रोखून पाहतात. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे असा सिनेमा लागला की माझे मन पडद्यावरून थेट शनिवारवाड्यात जाते. राज्याच्या प्रमुखाचे रक्षण म्हणजे काय, ते तिथे एका दुपारी फार भयंकर रीतीने दिसले.

तारीख 30 ऑगस्ट 1773. गणपतीचे दिवस. आमच्या कासूला तेव्हा भात गुडघ्याएवढे झालेले असते आणि पेणचे गणपती घरोघर बसलेले असतात. पुण्यात पेशव्यांच्या वाड्यातही उत्सव चालू होता. माधवराव 1772 च्या नोव्हेंबरात थेऊरला वारले आणि धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. वय अवघे अठरा. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, त्याच वाड्यात नजरकैदेत होते. एकाच छपराखाली गादीवरचा पुतण्या आणि गादीची आस असलेला काका! सिनेमावाल्यांना यापेक्षा काय हवे?

वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी होते. गारदी म्हणजे पगारी कवायती शिपाई. त्या दिवशी सकाळीच त्यांच्यात चलबिचल असल्याचे नारायणरावांच्या कानावर आले. त्यांनी हरिपंत फडके यांना बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंत जेवायला गेले आणि बंदोबस्त राहिला. दुपारी सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे गारद्यांचे म्होरके आपली माणसे घेऊन वाड्यात घुसले. बोली पगार थकल्याची होती, पण डाव आधीच शिजला होता. नारायणराव जीव घेऊन धावले ते काकांच्या दालनात. त्यांनी काकांना मिठी मारली. दादांचा नोकर तुळाजी पवार याने त्यांना ओढून काढले आणि गारद्यांनी तलवारी चालवल्या.

त्या क्षणी एक माणूस पुढे झाला. चापाजी टिळेकर. वाड्यातला साधा सेवक. त्याने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले. गारद्यांनी दोघांनाही तोडले.

आता विचार करा मंडळी. ज्यांना रक्षणाचा पगार मिळत होता त्यांनी मारले, आणि ज्याचे ते कामच नव्हते तो आडवा पडला.

यावरून गारदी म्हणजे बेइमान असा शिक्का मारायला आपण मोकळे होतो. तसे केले तर इतिहास चुकतो. या खुनाआधी बारा वर्षे, 14 जानेवारी 1761 ला, पानिपतावर इब्राहिमखान गारदी होता. माझ्या माणसांचा पगार वेळेवर द्या, असा आग्रह तो सदाशिवरावभाऊंकडे सतत धरी आणि भाऊ त्यावर चिडत. लढाईच्या दिवशी त्याने भाऊंना सांगितले, की तो पगार फुकट गेला नाही हे आज दाखवतो. आणि दाखवले. त्याची बहुतेक माणसे पडली, तो जखमी होऊन हाती सापडला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. तोही गारदीच, पगारीच. पण त्याच्या लोकांचा हिशेब चोख होता आणि धनी एकच होता. शनिवारवाड्यात पगाराचे गाऱ्हाणे होते आणि धनी दोन होते. पहारेकऱ्याच्या हातातली तलवार दोन्हीकडे सारखीच असते.

पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली. गादीवर बसलेल्या राघोबांना त्यांनी तोंडावर सांगितले, की या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त, आणि ते पुणे सोडून निघून गेले. प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा 1944 चा चित्रपट आमच्या पिढीने पाहिलेला आहे. चौकशीत एकूण 49 जण दोषी ठरले. त्यांत गारदी फक्त 13. बाकीचे घरचेच, वाड्यातलेच कारभारी आणि चाकर. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार आपण आनंदीबाईंच्या नावावर सहज खपवतो, पण एका अक्षराने राज्य बुडत नाही. त्याला 49 जणांचे हात लागतात.

हे सारे जुने झाले म्हणावे, तर 31 ऑक्टोबर 1984 आठवतो. इंदिराजींवर दिल्लीत त्यांच्याच घराच्या आवारात गोळ्या झाडल्या त्या बेअंतसिंग आणि सतवंतसिंग या त्यांच्याच सुरक्षारक्षकांनी. त्यानंतर 1985 मध्ये पंतप्रधानांसाठी खास सुरक्षा दल उभे राहिले, 1988 मध्ये त्याचा कायदा झाला. कायद्यात माजी पंतप्रधान नव्हते. 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी गेले तेव्हा ते माजी होते. त्या स्फोटात त्यांचा अंगरक्षक प्रदीपकुमार गुप्ता त्यांच्याजवळच होता, तोही गेला. मग कायदा बदलला. आपल्याकडे बंदोबस्त नेहमी घात झाल्यावरच होतो, हरिपंतांपासूनची चाल!

आमच्या रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पोलादपूरचा घाट चढला की प्रतापगड दिसतो. तिथे 10 नोव्हेंबर 1659 ला अफझलखानाच्या भेटीत सय्यद बंडाचा वार महाराजांवर येत असता जिवा महालाने तो अडवला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण पोरासोरांनाही पाठ असते. जिवाला म्हण मिळाली, कारण धनी वाचला. चापाजीचा धनी वाचला नाही, म्हणून त्याला काहीच मिळाले नाही. धाडस दोघांचे एकच होते, उलट चापाजीच्या हाताशी हत्यारही नव्हते.

परीक्षेत प्रश्न येतो, ‘नारायणरावाचा खून कोणी केला?’ पोरे सुमेरसिंग लिहितात आणि मार्क मिळतात. ‘वाचवायला कोण धावले?’ हा प्रश्न मी चाळीस वर्षांत एकाही छापील प्रश्नपत्रिकेत पाहिला नाही. मारेकऱ्यांची नावे आपण पाठ करतो आणि आडवा पडणारा अर्ध्या ओळीत संपतो.

शनिवारवाडा पाहायला गेलात की गाइड ‘काका, मला वाचवा’ची भुताटकी रंगवून सांगतो. ती ऐका, मुलांना मजा वाटते. पण मग मुलांना एवढे सांगा, की त्या हाकेला काकांनी ओ दिली नाही, एका नोकराने दिली. त्याचे नाव चापाजी टिळेकर.