गुळगुळीत टायर आणि शर्यतचालकाचे शिक्षण

मोटारशर्यतीत ‘स्लिक’ या नावाने ओळखला जाणारा टायर म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागावर एकही खाच किंवा नक्षी नसलेला, मऊ रबराच्या मिश्रणाचा रुंद टायर. कोरड्या ट्रॅकवर त्याच्याइतकी पकड खाचांच्या टायरला देता येत नाही. मात्र टायर थंड असताना ही पकड चालकाच्या हाती नसते, ती वेग, ब्रेक आणि वळणे यांच्या साहाय्याने रबर तापवून आधी निर्माण करावी लागते आणि मगच तिच्यावर विसंबता येते. या गुणधर्मामुळे स्लिकचा इतिहास रबर उद्योगाच्या इतिहासापुरता मर्यादित राहिला नाही. नवशिक्याला शर्यतीची गाडी कोणत्या टायरवर आणि कोणत्या टप्प्याला द्यावी, हा प्रश्न त्याच्याबरोबरच वाढत गेला.

हवा भरलेला टायर प्रारंभी गुळगुळीतच होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले, परंतु व्यवहारात तो रुजला तो जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये बेलफास्ट येथे त्याचा नव्याने शोध लावल्यावर. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस या सुमारे १,२०० किलोमीटरच्या शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरवरची मोटार उतरवली; वाटेत टायर वारंवार फुटले, गाडी ठरलेल्या वेळेत पोहोचली नाही, तरी ती पोहोचली आणि हवेच्या टायरवर मोटार धावू शकते हे सिद्ध झाले. त्या काळातील रस्ते धुळीचे आणि पावसाळ्यात चिखलाचे असल्यामुळे गुळगुळीत रबर सहज घसरत असे, म्हणून टायरवर पोलादी खिळे बसवलेले चामड्याचे पट्टे चढवण्याची पद्धत पडली. पुढे १९०४ मध्ये जर्मनीच्या काँटिनेंटल कंपनीने मोटारीसाठी नक्षीदार टायर तयार केला आणि १९०८ च्या सुमारास अमेरिकेत फायरस्टोनने ‘नॉन स्किड’ ही अक्षरेच टायरच्या रबरात उठावदार कोरून तीच त्याची नक्षी केली. यानंतर जवळजवळ अर्धे शतक खाचा म्हणजे सुरक्षितता हे समीकरण रस्त्यावर आणि शर्यतीतही प्रश्नाविना मान्य झाले होते.

खाचांचे खरे काम पाणी बाजूला सारणे हे आहे. ओल्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर अडकला की टायर त्या थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग, ब्रेक यांचा गाडीवरचा अंमल संपतो. खाचा या पाण्याला वाट करून देतात. आजच्या फॉर्म्युला वनमधील मुसळधार पावसाचा टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी बाहेर फेकतो, असे पिरेली ही उत्पादक कंपनी सांगते. कोरड्या ट्रॅकवर मात्र याच खाचा अडचणीच्या ठरतात, कारण एक तर त्या रस्त्याला टेकणारे रबर कमी करतात, आणि दुसरे म्हणजे खाचांमधले रबराचे सुटे ठोकळे वळणाच्या जोराने वाकतात, तापतात आणि फाटतात, त्यामुळे रबराचे मिश्रण फार मऊ ठेवता येत नाही. खाचा काढून टाकल्या की मऊ मिश्रण वापरता येते, आणि पकड वाढण्याचे मोठे कारण हेच आहे. म्हणूनच रस्त्यावरच्या गाडीचा झिजून गोटा झालेला टायर आणि शर्यतीचा स्लिक यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. पहिल्याचे रबर कडक असते आणि त्याचा उपयोगी थर संपलेला असतो, तर दुसऱ्याचे सर्व सामर्थ्य त्या थरातच साठवलेले असते.

ही जाणीव प्रथम अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत फळाला आली. पाव मैलाच्या सरळ पट्टीवर दोन गाड्यांनी उभ्या अवस्थेतून सुटून वेग घेण्याच्या या प्रकाराला १९५० मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा ॲना विमानतळावर व्यावसायिक स्वरूप मिळाले. तेथे वळणे नव्हती आणि शर्यत कोरड्यातच होई, त्यामुळे इंजिनाची ताकद चाक फिरवून वाया न घालवता जमिनीत उतरवणे एवढाच प्रश्न उरला होता. हौशी मंडळी जुन्या टायरवर गुळगुळीत रबर चढवून, म्हणजे रिमोल्ड करून, ते मागच्या चाकांना लावू लागली. आणि त्याच दशकाच्या पूर्वार्धात मॅसॅच्युसेट्समधील एम अँड एच या कंपनीने खास ड्रॅग शर्यतीसाठी स्लिक बनवण्यास प्रारंभ केला. सुटण्यापूर्वी चाके जागच्या जागी गरागरा फिरवून रबर तापवण्याची प्रथा या खेळात पुढे रूढ झाली, ती या टायरची उष्णतेची गरज ओळखूनच.

वळणांच्या ट्रॅकवर स्लिक येण्यास आणखी वीस वर्षे लागली, कारण तेथे टायरवर पुढून, मागून आणि बाजूने असे तिन्ही जोर येतात. १९६० च्या दशकात फॉर्म्युला वनचे टायर दरवर्षी रुंद होत गेले, आणि १९६८ पासून गाड्यांवर पंख आले. हे पंख विमानाच्या पंखाच्या उलट दिशेने काम करून हवेच्या दाबाने गाडीला खाली रेटतात. टायरवरचा भार वाढतो, पण गाडीचे वजन वाढत नाही. असा भार पेलणारे आणि त्याचा लाभ घेणारे रबर आता हवे होते. १९७१ मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइक उद्यानातील रस्त्यांवर झालेल्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये फायरस्टोनने फॉर्म्युला वनमध्ये स्लिक आणला असे सामान्यतः मानले जाते. ती शर्यत गुडइयरच्या टायरवर धावणाऱ्या जॅकी स्ट्युअर्टने जिंकली, पण अल्पावधीतच कोरड्या ट्रॅकवर खाचांचा टायर वापरणे कोणालाही परवडेनासे झाले.

या बदलाची किंमत १९ जुलै १९७५ रोजी सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रां प्रीत स्पष्ट दिसली. शर्यत अखेरच्या टप्प्यात असताना ट्रॅकच्या एका भागावर अचानक जोराचा पाऊस कोसळला आणि तेथील वळणांवर पाणी साचले. त्या पाण्यात स्लिकवरच्या गाड्या एकामागून एक घसरत क्लब या वळणाबाहेरील जाळ्यांत जाऊन अडकल्या, आणि त्यांत जगातील उत्तमोत्तम चालक होते. एमर्सन फिटिपाल्डी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या टायर बदलण्याच्या जागेत, जाऊन पावसाळी टायर लावून आला होता. शर्यत ६७ ऐवजी ५६ फेऱ्यांवर थांबवून त्याला विजयी घोषित करण्यात आले, तर दुसरा कार्लोस पासे, तिसरा जोडी शेक्टर आणि चौथा जेम्स हंट हे तिघेही त्या वेळी ट्रॅकबाहेर होते. या चालकांचे कौशल्य कमी पडले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गुळगुळीत रबराला पाणी सारण्याचे साधनच नसते, त्यामुळे एका विशिष्ट क्षणानंतर कौशल्याला आधारच उरत नाही.

पाऊस नसतानाही स्लिक नव्या चालकाची कसोटी पाहतो, आणि तिचे स्वरूप समजल्याशिवाय चालकांच्या शिक्षणाचा इतिहास कळत नाही. शर्यतीच्या रबराला साधारणपणे ८० ते ११० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पूर्ण पकड येते. त्याखाली ते कडक राहते आणि त्यावर गेले की फोड येऊन सोलपटते. नवखा चालक थंड टायरवर घसरगुंडी अनुभवतो, म्हणून सावध होऊन हळू चालवतो. हळू चालवल्यामुळे टायर तापत नाही, पंखांवर पुरेशी हवा येत नाही, आणि गाडी अधिकच अविश्वासार्ह वाटते. या दुष्टचक्रातून बाहेर पडायचे तर पकड जाणवण्याआधीच थोडा वेग वाढवावा लागतो, म्हणजे अनुभवाच्या आधी विश्वास ठेवावा लागतो. शिवाय खाचांचा टायर पकड सुटण्यापूर्वी किंचाळून आणि सरकून दीर्घ इशारा देतो. स्लिकची मर्यादा पुष्कळ उंच असली तरी तिच्या पलीकडचा उतार तीव्र असतो, आणि इशारा मिळेपर्यंत गाडी अनेकदा आडवी झालेली असते.

शर्यतचालकांच्या शाळांनी या अडचणीवर जे उत्तर शोधले ते मुख्यतः काटकसरीतून आले, हे विशेष नोंदवण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिम रसेलची शाळा आणि तिच्यासारख्या इतर संस्था सुरू झाल्या. ब्रँड्स हॅच येथील मोटर रेसिंग स्टेबल्स या शाळेत विद्यार्थ्यांच्या हातून नाजूक शर्यती इंजिने वरचेवर मोडत आणि महागडे टायर झिजत; त्यावर उपाय म्हणून एकासनी गाडीत फोर्ड कॉर्टिनाचे साधे इंजिन आणि रस्त्यावरचेच टायर बसवण्यात आले. यातून फॉर्म्युला फोर्ड हा वर्ग जन्मला आणि त्याची पहिली शर्यत जुलै १९६७ मध्ये ब्रँड्स हॅचलाच झाली. पंख नाहीत, टायर खाचांचे आणि पकड बेताची, त्यामुळे गाडी कमी वेगातच सरकत असे आणि ती सावरण्याचे शिक्षण तुलनेने कमी धोक्यात मिळत असे. १९७५ मध्ये त्याच धर्तीवर फॉर्म्युला फोर्ड २००० आला, तो स्लिकवर धावणारा. पहिल्या वर्गात तोल शिकावा, दुसऱ्यात पकड शिकावी आणि मग फॉर्म्युला थ्रीकडे वळावे, अशी वाट इंग्लंडमध्ये मळली. आयर्टन सेना १९८१ मध्ये फॉर्म्युला फोर्ड १६०० (हा मूळ वर्ग), १९८२ मध्ये फॉर्म्युला फोर्ड २००० आणि १९८३ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री अशाच पायऱ्यांनी चढला. या क्रमामागे एखाद्या शिक्षणतज्ज्ञाची योजना नव्हती, तरीही त्याच्याइतकी शहाणपणाची शिक्षणपद्धती मोटारशर्यतीत क्वचितच निर्माण झाली असेल.

वरच्या स्तरावर मात्र थंड टायरची अडचण यंत्राने सोडवण्याकडे कल राहिला. १९८० च्या दशकात फॉर्म्युला वनमध्ये विजेवर तापणारी ब्लँकेटे टायरभोवती गुंडाळण्याची पद्धत आली. त्याच काळात पात्रता फेरीसाठी एकदोन फेऱ्यांतच संपणारे अतिमऊ स्लिकही बनत असत. पुढे वळणांवरचा वेग कमी करण्यासाठी १९९८ पासून फॉर्म्युला वनमध्ये स्लिकवर बंदी आली आणि टायरला परिघाभोवती सरळ खोबणी कापणे सक्तीचे झाले: पहिल्या वर्षी पुढे तीन आणि मागे चार, नंतर सगळीकडे चार. ही खोबणी पाण्यासाठी नव्हती, रबर कमी करण्यासाठी होती. २००९ मध्ये ती रद्द झाली आणि स्लिक परतला.

भारतात मोटारशर्यतीचे केंद्र प्रदीर्घ काळ मद्रास हेच राहिले. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शहराच्या उत्तरेस शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धातील जुन्या धावपट्टीवर अनेक दशके शर्यती भरवल्या आणि १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे कायमचा ट्रॅक उभारला. त्याच शहरात के. एम. मम्मेन माप्पिल्लै यांनी १९४६ मध्ये फुगे बनवण्यापासून सुरू केलेली एमआरएफ ही कंपनी पुढे शर्यतीचे स्लिक बनवू लागली आणि स्वतःच्या फॉर्म्युला गाड्यांच्या मालिकेत तेच वापरू लागली. त्यामुळे भारतीय तरुणांना या टायरशी पहिली ओळख करून घेण्यासाठी परदेशाची वाट धरणे अपरिहार्य राहिले नाही. मुंबईचा जेहान दारूवाला डिसेंबर २०२० मध्ये बहरैनच्या साखीर ट्रॅकवर फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला; या वर्गात तापवणारी ब्लँकेटे निषिद्ध असल्याने पिटमधून बाहेर पडताना चालकाला थंड स्लिकच मिळतो आणि तो स्वतःच्या हाताने जागवावा लागतो.

दीर्घ पल्ल्याच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेने २०२३ च्या हंगामात हीच अट अनुभवी चालकांवर घातली. विजेची बचत हा तिचा हेतू होता. परंतु एप्रिलमध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पिटमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाड्या थंड टायरवर घसरून आदळल्या, आणि जूनमधील ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीपुरती संयोजकांनी ब्लँकेटांना सुरक्षिततेच्या कारणास्तव पुन्हा परवानगी दिली. त्यानंतरच्या मोंझा येथील फेरीपासून बंदी पुन्हा लागू झाली, तर फॉर्म्युला वनने २०२४ साठी आखलेली तशीच बंदी त्याच उन्हाळ्यात बाजूला ठेवली.