कोदोचा मद : सातपुड्याच्या पायथ्याच्या एका धान्याचा इतिहास

नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेस, जेथे पेंच नदी सातपुड्याच्या डोंगररांगा सोडून सपाटीवर उतरते, तेथे पारशिवनीचा परिसर वसलेला असून पूर्वी तो रामटेक तहसिलीत मोडत असे. या प्रदेशात दोन वेगळ्या शेतीपद्धती शेजारी-शेजारी नांदल्या. दक्षिणेकडील सपाट जमिनीत ज्वारी, कापूस आणि धान ही पिके होती. उत्तरेकडील जंगलपट्टीत, आजच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गोंड वस्त्यांपासून पुढे शिवनी आणि छिंदवाड्याच्या डोंगराळ मुलखापर्यंत, कोदो आणि कुटकी या भरडधान्यांवर लोकांची गुजराण होत असे. या धान्यांपैकी कोदोचा इतिहास हा केवळ अन्नाचा नव्हे, तर एका विषाचाही इतिहास आहे, आणि ते विष धान्याचे नसून त्यावर वाढणाऱ्या बुरशीचे आहे, हे कळण्यास फार काळ लागला.

कोदो हे मूळ भारतीय धान्य असून कोकणात त्यालाच हरीक म्हणतात. बरड, मुरमाड जमिनीत ते तग धरते, आणि दाण्यावरील टणक टरफलांमुळे नीट वाळवलेला कोदो वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून दुष्काळाच्या वर्षी तो गरिबांचा आधार ठरे. परंतु हेच धान्य काही वेळा खाणाऱ्याला मद आणी. अशा कोदोचा भात खाल्ल्यावर काही वेळातच घेरी येणे, अंग थरथरणे, उलट्या होणे, हातपाय गार पडणे आणि गुंगी येणे ही लक्षणे दिसत, आणि बहुतेक रोगी एक-दोन दिवसांत पूर्ववत होत. असे धान्य किंवा त्याचा पेंढा खाल्लेल्या गुरांनाही हाच त्रास होई.

हा अनुभव प्राचीन आहे. आयुर्वेदात कोदोला कोद्रव म्हणतात, आणि चक्रपाणिदत्त या ११व्या शतकातील वैद्याच्या चिकित्साग्रंथात मद आणणाऱ्या कोद्रवावर गूळ घातलेला कोहळ्याचा रस हा उपाय दिलेला आहे; अर्थात त्या काळी हा विकार वैद्यांच्या परिचयाचा होता. ब्रिटिश अमदानीतील लेखकांनीही या धान्याच्या मादक गुणाची दखल घेतली. मात्र एकाच गावात, एकाच बियाण्यापासून आलेला कोदो एका वर्षी निर्धोक आणि दुसऱ्या वर्षी मादक का ठरतो, या प्रश्नाचे उत्तर धान्याच्या जातीत शोधून मिळण्यासारखे नव्हते.

ते उत्तर कवकशास्त्राने, म्हणजे बुरशींच्या अभ्यासाने दिले. बुरशी आपल्या वाढीच्या ओघात जी विषारी संयुगे तयार करते, त्यांना कवकविषे किंवा मायकोटॉक्सिन म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत १९६८ साली पेनिसिलियम गटातील एका बुरशीपासून सायक्लोपियाझोनिक आम्ल हे संयुग वेगळे करण्यात आले, आणि १९८५ साली बी. ललिता राव व अख्तर हुसेन या भारतीय संशोधकांनी मद आणणाऱ्या कोदोत तेच आम्ल असल्याचे, तसेच दाण्यांवर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि अ‍ॅस्परजिलस टॅमारी या बुरशी ते निर्माण करत असल्याचे दाखवून दिले. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीतील कॅल्शियम मोकळे होते, आणि तो सैल पडण्यासाठी ते कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घेणारे एक विकर, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, काम करते. सायक्लोपियाझोनिक आम्ल नेमके या विकराला अडवते. त्यामुळे कॅल्शियमचा समतोल ढळतो, आणि स्नायूंच्या व मज्जासंस्थेच्या कार्यात बिघाड होतो.

प्रत्येक कवकविष शरीरावर वेगळ्या मार्गाने काम करते. युरोपात राय या धान्यावरील अरगट बुरशीने रक्तवाहिन्या आकसून हातपाय सडत. उलट मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटग्रस्त बाजरी खाल्ल्याने पसरलेल्या ज्या साथीचे वृत्त १९५८ साली प्रसिद्ध झाले, तिच्यात मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी ही लक्षणे प्रमुख होती, कारण बाजरीवरील अरगटाची जात निराळी असून तिची विषारी संयुगे, म्हणजे अल्कलॉइडेही निराळी आहेत. अफ्लाटॉक्सिन हे आणखी एक कवकविष त्याहून घातक आहे, कारण यकृतात त्याचे रूपांतर पेशीतील डीएनएला चिकटणाऱ्या संयुगात होते. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या भागांत पावसाने भिजलेला मका खाल्ल्याने यकृतदाहाची जी साथ आली, तिच्यात ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. ते बहुतांशी गरीब आदिवासी होते. स्वयंपाकाच्या आचेने अफ्लाटॉक्सिन पुरेसे नष्ट होत नाही, त्यामुळे शिजवलेले अन्न सुरक्षित असते हा समज येथे लागू पडत नाही.

कोदो आणि मका यांच्या बाबतीत एक समान सूत्र आढळते : पीक कापणीला आले असता आलेला अवेळी पाऊस आणि ओलसर साठवण. विदर्भातील ज्वारीच्या बाबतीतही हेच घडले. जुन्या गावरान जाती पाऊस ओसरल्यावर पक्व होत. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आल्यानंतर लवकर पक्व होणारी ज्वारी परतीच्या पावसात सापडू लागली आणि कणसे बुरशीने काळी पडू लागली. उत्पादन वाढले, पण पिकाच्या आणि पावसाच्या वेळांचा जुना मेळ मात्र मोडला.

पुढे पेंच पाटबंधारे प्रकल्पाच्या कालव्यांनी पारशिवनीच्या सपाट भागात सिंचन आले, धानाला बळ मिळाले आणि भरडधान्ये मागे पडत गेली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यावर कोदोला पुन्हा प्रतिष्ठा मिळू लागली; मात्र ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगड व्याघ्र प्रकल्पात १० हत्ती मृत्युमुखी पडले, आणि तपासणीत त्यांच्या शरीरात सायक्लोपियाझोनिक आम्ल आढळले. हत्तींनी कोदोचे पीक खाल्ले होते. म्हणून कोदोला पुन्हा ताटात आणताना त्याच्या पौष्टिकतेचे गुणगान पुरेसे नाही. कापणीनंतर दाणा उन्हात पूर्ण वाळवणे, कोरड्या कोठीत साठवणे, भिजलेला माल वेगळा काढणे आणि खरेदीच्या ठिकाणी विषांची तपासणी करणे, ही व्यवस्था गावोगाव उभी राहिली पाहिजे. ज्या आदिवासी कुटुंबांनी हे धान्य शतकानुशतके जपले, त्यांच्याच ताटात विष जाऊ नये याची जबाबदारी शासनाची आणि कृषी संशोधन संस्थांची आहे.