विन्स्टन न्त्शोना
विन्स्टन न्त्शोना (६ ऑक्टोबर, १९४१ – २ ऑगस्ट, २०१८) हे दक्षिण आफ्रिकेतील अभिनेते व नाटककार होते.

वर्णद्वेषी राजवटीच्या काळात ते पोर्ट एलिझाबेथ येथील 'सर्पंट प्लेयर्स' या नाट्यसंस्थेत दाखल झाले. ॲथॉल फ्युगार्ड व जॉन कानी यांच्यासमवेत त्यांनी 'सिझ्वे बान्झी इज डेड' (१९७२) आणि 'द आयलंड' (१९७३) ही नाटके रचली. पहिल्या नाटकात न्त्शोना यांनी साकारलेला सिझ्वे शहरात राहून काम करता यावे म्हणून एका मृत माणसाचे ओळखपुस्तक स्वीकारतो आणि स्वतःचे नाव गमावतो. 'द आयलंड'मध्ये रॉबेन बेटावरील दोन कैदी 'अँटिगनी' या ग्रीक नाटकाची तालीम करतात. त्यांपैकी अँटिगनी होणारा कैदी न्त्शोना यांनी रंगवला. न्यू यॉर्कमधील प्रयोगांतील अभिनयासाठी १९७५ साली न्त्शोना व कानी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा टोनी पुरस्कार विभागून मिळाला. मात्र १९७६ साली ट्रान्सकाय येथे 'सिझ्वे बान्झी'च्या प्रयोगानंतर दोघांनाही अटक झाली.

'द वाइल्ड गीज' (१९७८) या चित्रपटात त्यांनी पदच्युत नेता लिंबानी, तर 'अ ड्राय व्हाइट सीझन' (१९८९) मध्ये मुलाच्या मृत्यूचा शोध घेताना पोलीस कोठडीत प्राण गमावणारा माळी गॉर्डन ही भूमिका केली. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' (१९८२) या चित्रपटातही त्यांची छोटी भूमिका होती.