तारीख सांगणाऱ्या फुलदाण्या

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ९५ क्रमांकाच्या दालनात जवळपास सर्वच वस्तू चिनी मातीच्या आहेत. सुमारे १,७०० वस्तूंचा हा संग्रह उभा केला तो मुंबईत जन्मलेल्या सर पर्सिव्हल डेव्हिड (१८९२-१९६४) यांनी. बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक असलेले सर ससून डेव्हिड हे त्यांचे वडील. या दालनातील निळ्या नक्षीच्या दोन उंच फुलदाण्या संग्राहकाच्या नावाने जगभर ओळखल्या जातात. चिनी पोर्सेलिनच्या अभ्यासात त्यांना जे स्थान लाभले आहे, ते त्यांच्या देखणेपणापेक्षा त्यांच्या मानेवर लिहिलेल्या काही ओळींमुळे.

मराठी घरांत 'चिनी माती' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. लोणच्याची दोनरंगी बरणीही चिनी मातीची आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली नाजूक कपबशीही चिनी मातीचीच. अभ्यासकांच्या लेखी मात्र ही बरणी पोर्सेलिन नव्हे. खरे पोर्सेलिन केओलिन ही पांढरी माती आणि एक विशिष्ट दगड कुटून केलेली भुकटी यांच्या मिश्रणातून घडते आणि सुमारे १,३०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले जाते. ते पांढरे, टणक, बोटाने टिचकी मारताच खणखणणारे असते आणि पातळ असेल तर त्यातून प्रकाश झिरपतो. निळ्या-पांढऱ्या भांड्यांत कच्च्या भांड्यावर कोबाल्टने चित्र काढतात, त्यावर पारदर्शक झिलई चढवतात आणि मग ते भट्टीत जाते. रंग झिलईच्या खाली राहत असल्याने शतके लोटली तरी तो पुसला जात नाही. चीनच्या जियांगशी प्रांतातील जिंगडेझेन हे या कामाचे सर्वांत मोठे केंद्र होते.

डेव्हिड यांच्या फुलदाण्या प्रत्येकी सुमारे ६३ सेंटीमीटर उंच आहेत. अंगावर ड्रॅगन, मानेवर फिनिक्स पक्षी, हत्तीच्या मस्तकाचे कान आणि मानेच्या वरच्या भागात केळीच्या पानांची नक्षी. या पानांमध्येच तो लेख आहे. झांग वेनजिन नावाच्या भाविकाने आपल्या गावाचा पत्ता देऊन, कुटुंबाचे रक्षण व्हावे आणि मुलाबाळांना सुख लाभावे म्हणून एक धूपदाणी व फुलदाण्यांची ही जोडी मंदिरात अर्पण केल्याची नोंद त्यात आहे. खाली तारीख आहे : झिझेंग राजवटीच्या अकराव्या वर्षाचा चौथा महिना, म्हणजे इ. स. १३५१. नोंदीतील धूपदाणीचा ठावठिकाणा आजवर लागलेला नाही.

ब्रिटिश म्युझियममधील तज्ज्ञ आर. एल. हॉब्सन यांनी १९२९ मध्ये या लेखाची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा तिचे महत्त्व फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. निळ्या-पांढऱ्या पोर्सेलिनची परिपक्व कला ही पंधराव्या शतकातील, मिंग राजवटीची देणगी, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. चौदाव्या शतकात, मंगोलांच्या युआन राजवटीत, इतके सफाईदार काम झाले असेल हे अनेकांना पटणारे नव्हते. ही जोडी एकेकाळी विभागली गेली होती. डेव्हिड यांनी दोन फुलदाण्या दोन वेगवेगळ्या संग्रहांतून मिळवून त्या पुन्हा एकत्र आणल्या.

कोडे उलगडले ते वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीतील जॉन अलेक्झांडर पोप यांनी. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आणि इराणमधील अर्दबिलच्या दर्ग्यात निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे मोठे साठे होते. अर्दबिलचा साठा शाह अब्बास याने १६११ मध्ये दान दिलेला. पोप यांनी या भांड्यांवरील कमळाच्या पाकळ्या, लाटा, वेली आणि ड्रॅगनच्या नख्या १३५१ च्या फुलदाण्यांशी ताडून पाहिल्या आणि १९५२ व १९५६ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. एका निश्चित तारखेच्या आधारे बिनतारखेच्या भांड्यांचा अख्खा गट चौदाव्या शतकात जाऊन बसला. दिल्लीत तुघलककालीन राजवाड्याच्या जागी सापडलेले निळ्या-पांढऱ्या थाळ्या-वाडग्यांचे तुकडेही याच कुळातले. फुटक्या खापरांचे मोल अशा वेळी कळते. अखंड भांडे हातोहाती फिरते. जमिनीत गाडलेले खापर आपली जागा सोडत नाही.

लिहिलेली तारीख खरी मानायची, तर भांड्याच्या बुडावरील राजमुद्रेवरही विश्वास ठेवावा, असे नवख्या संग्राहकाला वाटते. येथेच तो फसतो. 'महान मिंग, शुआंदे राजवटीत निर्मित' अशा अर्थाची सहा अक्षरे शुआंदे सम्राटानंतर अडीचशे वर्षांनी, छिंग राजवटीतही सर्रास लिहिली जात होती. १६७७ मध्ये तर जिंगडेझेनच्या अधिकाऱ्याने चालू सम्राटाचे नाव भांड्यांवर घालण्यास मनाई केली, तेव्हा कारागीर जुन्याच नावांकडे वळले. प्रत्येक वेळी हेतू फसवणुकीचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पूर्वसुरींविषयीचा आदरही त्यात होता. बाजाराने मात्र त्याचा लाभ उठवला.

म्हणून जाणकार आधी भांडे उलटे करतात, पण अक्षरांआधी पाहतात ते बुडाचे बिनझिलईचे कडे. मातीचा पोत, हत्याराच्या खुणा, भट्टीत चिकटलेली वाळू, झिलई संपते तेथील रेघ यांचे सोंग आणणे कठीण. रंगही बोलतो. युआन काळात इराणकडून येणाऱ्या कोबाल्टमध्ये लोह अधिक व मँगनीज कमी असे, चीनमधील स्थानिक कोबाल्टमध्ये मँगनीज अधिक. क्ष-किरणांच्या साहाय्याने भांड्याला धक्का न लावता हे प्रमाण मोजता येते. लोहामुळे जुन्या भांड्यांवर रेषांत काळपट ठिपके उठत. अठराव्या शतकातील नकलाकारांनी हेच ठिपके कुंचल्याने एकेक करून लावले, आणि त्या नीटनेटकेपणामुळेच ते ओळखू येतात! भांडे शेवटचे कधी भाजले गेले हे सांगणारी औष्णिक दीप्तीची चाचणीही आहे. पण तिच्यासाठी बारीक छिद्र पाडून नमुना घ्यावा लागतो. शिवाय नव्या भांड्याला जुने बूड जोडणारे बहाद्दर आहेतच.

डेव्हिड यांचे वेगळेपण असे, की त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि लेख, कविता, तारखा असलेल्या वस्तू आवर्जून मिळवल्या. १३८८ मधील एका चिनी रसिकग्रंथाचा त्यांनी केलेला अनुवाद त्यांच्या निधनानंतर, १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३५-३६ मध्ये लंडनला भरलेल्या चिनी कलेच्या भव्य प्रदर्शनामागेही त्यांचाच पुढाकार होता. १९५० मध्ये त्यांनी संग्रह ग्रंथालयासह लंडन विद्यापीठाला दिला. त्यासाठीचे स्वतंत्र संग्रहालय २००७ अखेर बंद पडले, २००९ पासून वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये मांडल्या गेल्या आणि २०२४ मध्ये त्या कायमस्वरूपी देणगी म्हणून देण्याची घोषणा झाली. संग्रह फुटला नाही, हे महत्त्वाचे. लिलावात एकेक करून विकला गेला असता तर जोडीतील फुलदाण्या पुन्हा एकमेकींपासून दुरावल्या असत्या.

मोह थोडाथोडका नव्हे. युआन काळातील एक निळा-पांढरा रांजण २००५ मध्ये लंडनच्या लिलावात १ कोटी ५६ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. मिंगकालीन कोंबड्याच्या चित्राचा चिमुकला पेला २०१४ मध्ये हाँगकाँगला २८ कोटी हाँगकाँग डॉलरच्या पुढे पोहोचला. किमती अशा चढल्या की नकलाही त्याच वेगाने सुधारतात.

मुंबईकरांना चांगली भांडी पाहण्यासाठी लंडन गाठण्याची गरज नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी व जपानी पोर्सेलिनची भांडी आहेत. चीनशी चाललेल्या जुन्या व्यापारामुळे शहरातील काही पारशी घरांतही अशी भांडी पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. ती विकण्यास काढणाऱ्यांनी १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी वाचलेला बरा : शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि वस्तूसोबत आजोबांच्या काळची पावती, पत्र किंवा छायाचित्र असेल, तर तो कागद रद्दीत घालू नये. अभ्यासकाला भांड्याइतकाच तोही हवा असतो.