मायापुरी, 2010: अर्धायुष्याचा हिशेब

एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-60 च्या किरणोत्सारामुळे अनेकांना इजा झाली. त्यांपैकी एक दगावला. हा स्रोत दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने फेब्रुवारीत लिलावात विकलेल्या जुन्या गॅमा उपकरणातला होता. 1970 च्या सुमारास कॅनडाहून आलेले ते उपकरण 1985 पासून वापराविना पडून होते.

कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षे. ऱ्हासाचा वेग उरलेल्या अणूंच्या प्रमाणात असतो. म्हणून दर अर्धायुष्यात असेल त्याचे निम्मे उरते. 40 भागिले 5.27 म्हणजे 7.6 अर्धायुष्ये, 2 चा 7.6 वा घात सुमारे 194. मूळ स्रोत हजारो क्युरींचा असल्याने त्याचा 194 वा हिस्साही प्राणघातक ठरला. ‘जुने’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. लिलावापूर्वी हा भागाकार करायला हवा होता.