रांगेतल्यांचा दावा

कल्याण-डोंबिवलीत पूर्वी जन्माची नोंद व्हायची ती बारशाच्या आधी. प्रसूतिगृहातून कागद नगरपालिकेत जायचा, बाळाचं नाव ठरायचं बाराव्या दिवशी आणि ते नोंदवहीत घालायला पुन्हा फारसं कोणी जात नसे. म्हणून १९७०च्या दशकातल्या कितीतरी जन्मदाखल्यांवर नावाचा रकाना कोरा आहे. मुलगा की मुलगी, आईवडिलांची नावं, तारीख, एवढंच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सगळी कामं होत असल्यामुळे कोणाचं अडलं नाही. अडलं ते २००७च्या जून महिन्यात, आणि एकाच वेळी अनेक घरांत अडलं.

अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. कोणत्या तारखेपर्यंत रांगेत उभं राहिलेल्यांची पाळी आली, ते त्यात छापलेलं असतं. त्या वर्षीच्या जुलैच्या बुलेटिनमध्ये नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या जवळजवळ सगळ्या वर्गांपुढे 'करंट' असं आलं. म्हणजे रांगेतल्या प्रत्येकाला शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरता येणार होता. त्याला जन्माचा दाखला हवा, आणि नावासकट हवा. नसेल तर नोंद नसल्याचं पालिकेचं पत्र आणि जन्माच्या वेळी हयात असलेल्या वडीलधाऱ्यांची दोन प्रतिज्ञापत्रं. न्यू जर्सीहून, टेक्सासहून रात्री-अपरात्री फोन आले. महानगरपालिका झाली १९८३ साली. त्याआधीच्या नोंदी नगरपालिकेच्या जुन्या वह्यांत. साठीच्या पुढचे आईवडील त्या वह्या काढायला लावण्यासाठी खिडक्यांपुढे उभे राहिले, कल्याण कोर्टाबाहेर नोटरीकडे गेले, 'माझा मुलगा अमुक दिवशी डोंबिवलीत जन्मला हे मी स्वतः जाणते' असं शपथेवर लिहून दिलं आणि कुरियरवाल्याला चौकशा करून सळो की पळो केलं. मीही ग्राहक चळवळीतली कार्यकर्ती म्हणून अशी प्रतिज्ञापत्रं लिहून द्यायला बसले होते. अमेरिकेच्या रांगेशी माझी ओळख तिथून सुरू झाली.

२ जुलैला ते बुलेटिन फिरलं. वर्षाचे आकडे संपले, अर्ज घेतले जाणार नाहीत, असं जाहीर झालं. तोवर लोकांनी वकिलांची फी भरली होती, वैद्यकीय तपासण्या केल्या होत्या, सुट्टीवर आलेले भारतातून धावत परतले होते. पुढे जे झालं ते डोंबिवलीत फुलांची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. 'लगे रहो मुन्नाभाई' येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यातली गांधीगिरी उचलून रांगेतल्या भारतीयांनी १० जुलैला यूएससीआयएस या स्थलांतर खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांना फुलांचे गुच्छ पाठवले. त्यांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत धाडली. १७ जुलैला खात्याने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले.

ही गोष्ट गोड आहे, पण मला ती अपुरी वाटते. फुलांच्या बरोबरीने त्या पंधरवड्यात आणखी दोन गोष्टी चालल्या होत्या. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य झोई लॉफग्रेन यांनी खात्याला पत्र लिहून जाब विचारला होता. आणि शिकागोच्या संघीय न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला होता, दुसऱ्याची तयारी वकिलांच्या संस्थेने जाहीर केली होती. फुलं निनावी पाठवता येतात. दाव्याला मात्र कोणाला तरी वादी क्रमांक एक व्हावं लागतं. त्याचं नाव आमच्या गोष्टीत येत नाही, आणि म्हणून पुढच्या पिढीला वाटतं की या रांगेत जे काही मिळतं ते नशिबाने किंवा गोड बोलून मिळतं.

ही रांग तयार झाली १९९०च्या एका कायद्याने. एच-वन-बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा त्यातला, वर्षाला ६५ हजारांची मर्यादाही त्यातलीच. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १ लाख ४० हजार आणि कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्के. बायको-मुलंही त्याच आकड्यात मोजायची. ज्या देशांतून कमी लोक येतात त्यांच्यासाठी वर्षाला ५५ हजार व्हिसांची सोडतही याच कायद्याने आणली. भारत त्या सोडतीत बसत नाही, कारण इथून पाच वर्षांत ५० हजारांहून कितीतरी जास्त लोक जातात. तेव्हा ठाण्यात किंवा डोंबिवलीत 'लॉटरी लागली' असं कोणी म्हणालं आणि विषय म्हाडाचा नसेल, तर तो एच-वनचा असतो.

आमच्या भागातली मुलं या रांगेत आली ती सीप्झमार्गे. सकाळची लोकल, घाटकोपर किंवा कुर्ल्याला उतरून बस, अंधेरीच्या सीप्झमध्ये पटणी, मास्टेक, सिंटेल या सॉफ्टवेअर कंपन्या. मग २००० सालाच्या संगणकी अडचणीने कोबोल येणाऱ्यांना आलेला भाव. अमेरिकेने मर्यादा आधी १ लाख १५ हजार, मग १ लाख ९५ हजार केली, आणि २००३च्या शरद ऋतूत ती पुन्हा ६५ हजारांवर आली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने तिथे पदव्युत्तर शिकलेल्यांसाठी २० हजारांची भर पडली. एप्रिल २००७ मध्ये पहिल्या दोन दिवसांतच जागांपेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले आणि संगणकाने चिठ्ठ्या काढल्या. ठाण्याच्या पोखरण रोडवर आणि घोडबंदर रोडवर टीसीएसच्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या तोवर 'लॉटरीत नाव' हा घरातल्या बोलण्याचा शब्द झाला होता. आणि २००० सालच्या एका कायद्यामुळे ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर सहा वर्षांपलीकडेही एच-वन वाढवून मिळतो. म्हणून माणसं रांगेतच संसार करतात. भारतीयांची ईबी-टू या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या वर्गाची तारीख २०२५ मध्ये २०१३ सालात रेंगाळत होती, आणि रांगेत कुटुंबं धरून दहा लाखांहून जास्त भारतीय आहेत.

दावा करावा का, हा वाद मी डोंबिवलीच्या घराघरांत ऐकला आहे. नेहरू मैदानावर संध्याकाळी फिरणाऱ्या आईवडिलांत, फडके रोडवर, गणेश मंदिराच्या पायऱ्यांवर. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका ठामपणे म्हणायचे, "ज्याच्या घरी राहतो त्याच्यावर खटला भरायचा नसतो." एका आईला भीती होती की मुलाच्या नावापुढे लाल खूण होईल आणि फाइल कायमची खाली जाईल. कोणी हिशेब मांडायचं: वकील दर माणशी इतके डॉलर घेणार, हरलो तर पाण्यात. आणि एक प्रश्न हळू आवाजात यायचा, तोच मला सर्वांत खरा वाटतो: आपण कोर्टात जाऊन पुढे सरकलो, तर कोणीतरी मागे ढकललं जाणार ना?

मी हे सगळं आधी ऐकलेलं होतं, बिल्डरांच्या संदर्भात. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली बिंदुमाधव जोशींनी उभी केली आणि आमच्या घरांत ती महिन्याच्या वाणसामानाच्या वाटपाबरोबर आली. दहा-बारा कुटुंबांचा संघ, एकत्र खरेदी, आणि पुढे एकत्र तक्रार. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सारखंच गाऱ्हाणं असलेल्यांच्या वतीने एका तक्रारीची सोय केली. ताबा नाही, कन्व्हेअन्स नाही, पाणी नाही, तरी सोसायटीच्या सभेत तीच वाक्यं: आपलं नाव कशाला, त्याला राग येईल, ज्याला घाई असेल त्याने जावं. काकांना मी सांगायचे की खात्यावर दावा हा यजमानाचा अपमान नाही. ती सोय त्यांनीच करून ठेवली आहे. त्यांच्या १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यात स्पष्ट आहे की सरकारी खात्याने अवाजवी विलंब लावला तर न्यायालयाने त्याला काम करायला लावावं.

पण कोर्टात सगळे विलंब सारखे नसतात, आणि इथे इतिहास नीट पाहावा लागतो. रांगेवरच केलेले दावे बहुतेक हरले. ९ सप्टेंबर २०१५ला बुलेटिनने अर्ज भरण्याच्या तारखा पुढे नेल्या, भारतीयांची ईबी-टूची तारीख १ जुलै २०११ केली, आणि २५ तारखेला ती दोन वर्षं मागे ओढली. २००७ची पुनरावृत्तीच. सिएटलमध्ये तीन दिवसांत सामूहिक दावा दाखल झाला. ७ ऑक्टोबरला न्यायाधीश रिकार्डो मार्टिनेझ यांनी तातडीचा दिलासा नाकारला. पुढच्या वर्षी टेनरेक नावाच्या कंपनीने आणि इतरांनी ओरेगॉनमध्ये एच-वनच्या लॉटरीलाच आव्हान दिलं: चिठ्ठ्या कशाला, जो आधी येईल त्याला क्रमांक द्या. २०१७ मध्ये न्यायाधीश मायकेल सायमन यांनी सरकारची बाजू उचलून धरली. मागे ढकलण्याचा जो प्रश्न डोंबिवलीतल्या आईला पडतो, तो न्यायाधीशांनाही पडतो. १९८४च्या एका निकालातून विलंब मोजण्याच्या सहा कसोट्या आल्या, त्यातली एक हीच आहे: एकाला पुढे काढल्याने बाकीच्यांच्या कामावर काय परिणाम होईल?

मात्र जिथे कोणाच्याच पुढे घुसायचं नसतं, तिथे दावे जिंकले. एच-वनवाल्यांच्या एच-फोर व्हिसावरच्या बायकांना नोकरीचा परवाना २०१५ पासून मिळू लागला. त्यात बहुसंख्य भारतीय, शिकलेल्या, करिअर सोडून गेलेल्या. २०१९ मध्ये त्यांच्या अर्जाला बोटांच्या ठशांची अट लागली आणि परवाने महिनोन् महिने लांबू लागले. पूर्वी नवऱ्याच्या एच-वनबरोबर एकत्र निकाल लागायचा, तोही थांबला. २०२१च्या वसंतात सिएटलमध्ये बायकांच्या गटाने दावा केला. टेक्सासमधल्या माझ्या भाचीचा त्याच सुमारास फोन आला, "मावशी, असा एक गट आहे, नाव घालू का?" घरात नवरा नको म्हणत होता, सासरे नको म्हणत होते. मी तिला म्हटलं, तुझ्या अर्जाने दुसऱ्या कोणाचा अर्ज मागे जात नाही, तू घाल. त्या मे महिन्यात खात्याने ठशांची अट स्थगित केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये दुसऱ्या एका सामूहिक दाव्यात तडजोड होऊन मुदत संपलेल्या परवान्यांना काही अटींवर आपोआप वाढ मिळू लागली. जानेवारी २०२३ मध्ये सिएटलच्या दाव्यात खात्याने दोन वर्षांसाठी मान्य केलं की नवरा-बायकोचे एकत्र भरलेले अर्ज एकत्रच निकाली काढू. हे कोणाच्या नशिबाने आलेलं नाही. शपथपत्रावर सही केलेल्या बायकांनी ते आणलं.

तारखेचा दावा हा तिसरा प्रकार, आणि तो सर्वांत क्रूर. आपल्याला बंद असलेल्या त्या दुसऱ्या सोडतीतल्या लोकांनी तो लढवला. सोडतीत नंबर लागला तरी व्हिसा ३० सप्टेंबरच्या आत हातात पडावा लागतो. अमेरिकेचं आर्थिक वर्ष बदललं की नंबर मेला. २०२० मध्ये वकिलाती बंद होत्या, वर राष्ट्राध्यक्षांची बंदी. त्यांनी गटागटाने वॉशिंग्टनमध्ये दावे केले, आणि ४ सप्टेंबर २०२०ला न्यायाधीश अमित मेहता यांनी अर्ज हाती घेण्याचा आदेश दिला. महिनाअखेर त्यांनी ९,०९५ व्हिसा पुढच्यासाठी राखूनही ठेवले. त्याच उन्हाळ्यात त्याच न्यायालयात १७४ भारतीयांनी, सात मुलांसकट, एच-वनवरच्या बंदीविरुद्ध दावा केला होता. त्यांना तातडीचा दिलासा मिळाला नाही. आणि सोडतवाल्यांचंही पुढे काय झालं? जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की वर्ष उलटल्यावर व्हिसा द्यायला सांगण्याचा अधिकार न्यायालयाला नाही.

आपल्या रांगेलाही तीच ३० सप्टेंबर लागू आहे. २०२१च्या आर्थिक वर्षात कुटुंबवर्गाचे न वापरलेले आकडे मिळून नोकरीवर्गाला तब्बल २ लाख ६२ हजार ग्रीन कार्डं उपलब्ध होती. उन्हाळ्यात दावे झाले, रांगेतले लोक खात्याच्या मागे लागले, तरी वर्षअखेर सुमारे ६६ हजार ग्रीन कार्डं वाया गेली. ती कोणालाच मिळाली नाहीत. मागच्याला नाही, पुढच्याला नाही. 'कोणीतरी मागे ढकललं जाईल' म्हणून जे थांबले त्यांना मी हाच आकडा दाखवते.

गट फुटतो कसा, तेही पाहिलं आहे. दावा दाखल झाला की ज्यांची नावं वर असतात त्यांचे अर्ज पुष्कळदा काही आठवड्यांत मंजूर होतात, आणि सरकारी वकील न्यायालयाला सांगतो की आता वादच उरला नाही. बिल्डरही असंच करतो, बोलक्या तिघांना चाव्या देतो. अशा वेळी उरलेल्यांचा दावा उभा ठेवायला, सामूहिक म्हणून मान्य करून घ्यायला, आणखी नावं लागतात. मंजुरी मिळूनही काही जण शपथपत्र देत राहिले, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

एकत्र निकालाच्या सिएटलच्या तडजोडीची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. परवान्याची आपोआप वाढ ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस बंद झाली. त्याआधी सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन अर्जावर १ लाख डॉलरचा आकार आला आणि त्याविरुद्ध कॅलिफोर्नियात व वॉशिंग्टनमध्ये दावे उभे राहिले. वादी म्हणून कामगार संघटना आहेत, मालकांची संघटना आहे. नेहरू मैदानावरचा वाद पुन्हा सुरू झाला आहे, वाक्यंही जवळपास तीच.

मी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या घरांतून या रांगेचे कागद जमवते आहे. कोऱ्या रकान्याचे जन्मदाखले, नोटरीचे शिक्के असलेली २००७ची प्रतिज्ञापत्रं, परत आलेल्या पाकिटांतली पत्रं. २०१५चं फार थोडं मिळालं, आणि दाव्यात सही केलेल्यांच्या घरचं तर जवळजवळ काहीच नाही, कारण आईवडिलांना त्यांनी सांगितलंच नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून अशी फाइल खाली आली, तर रद्दीत घालण्याआधी मला बोलवा; मी स्वतः येऊन घेऊन जाईन.