तोलेदो : दुभाष्यांचे शहर

माद्रिदहून निघालेली गाडी अर्ध्या तासात तोलेदोला पोचते. या शहराचे कोडे स्टेशनापासूनच सुरू होते. १९१९ साली उभ्या राहिलेल्या या इमारतीच्या नक्षीदार कमानी, रंगीत टाइल्स आणि लाकडी छत हे सारे मध्ययुगीन मुस्लिम कारागिरीच्या धर्तीवर केलेले आहे. आणि त्या कारागिरांच्या वंशजांना स्पेनमधून हाकलून दिल्याला तेव्हा तीनशे वर्षे होऊन गेली होती. ज्यांना घालवून दिले त्यांचाच पोशाख चढवून शहर पाहुण्याला सामोरे येते.

‘तीन संस्कृतींचे शहर’ अशी तोलेदोची ख्याती आहे. मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती इथे गुण्यागोविंदाने नांदले, असे पर्यटकांना सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे शोधायचे तर गाव पायी हिंडावे. शहर लहान आहे, चढ मात्र छातीवर येणारा.

ताहो नदी तोलेदोच्या टेकडीला तीन बाजूंनी वेढून पुढे लिस्बनच्या दिशेने जाते. पूर्वेकडून गावात शिरायला रोमनांच्या काळापासून पूल आहे. त्याचे नाव ‘पुएंते दे आल्कांतारा’. अरबीत ‘अल्-कन्तरा’ म्हणजे पूल, स्पॅनिशमध्ये ‘पुएंते’ म्हणजेही पूल. थोडक्यात, ‘पुलाचा पूल’. नव्या राज्यकर्त्यांनी जुना शब्द काढून टाकला नाही. अर्थ विसरून तो नाव म्हणून ठेवला. वरच्या मुख्य चौकाचीही तीच गोष्ट. ‘थोकोदोवेर’ हे नाव जनावरांच्या बाजाराच्या अरबी नावावरून आले. पुढे याच चौकात धर्मन्यायालयाच्या शिक्षा जाहीरपणे सुनावल्या गेल्या.

चौकाच्या उत्तरेला उतारावर एक छोटी, चौरस, विटांची इमारत आहे. आज तिला क्रिस्तो दे ला लुथ म्हणतात. मूळची ती मशीद. दर्शनी भिंतीवर विटांतच घडवलेल्या कूफी अक्षरांत हिजरी ३९०, म्हणजे इ.स. ९९९ हे साल आणि मूसा इब्न अली या स्थपतीचे नाव आहे. आत नऊ खण, आणि प्रत्येक खणाचे छत वेगळ्या रचनेचे. कमानी पेलणारे स्तंभशीर्ष त्याहून जुन्या, व्हिसिगॉथ काळातल्या इमारतींतून उचलून आणलेले. बाराव्या शतकात ख्रिस्त्यांनी तिला मागून अर्धगोल गाभारा जोडला आणि ती प्रार्थनामंदिर झाली. गाभाऱ्याचे कामही त्याच स्थानिक विटकामाच्या वळणाचे आहे. राज्य बदलले, गवंडीकाम तेच राहिले.

राज्य बदलले ते १०८५ साली. कास्तीयाचा राजा सहावा आल्फोन्सो याने तोलेदो घेतले. मुख्य मशीद मुसलमानांकडेच राहील असे वचन त्याने दिले होते, पण तो गावाबाहेर असताना राणी आणि आर्चबिशप यांनी ती बळकावली, अशी हकीकत तेराव्या शतकातल्या बखरीत आहे. त्या जागेवर १२२६ च्या सुमारास कॅथीड्रलचे काम सुरू झाले आणि १४९३ पर्यंत चालले. संतापलेल्या राजाला दया दाखवण्याची विनंती एका मुस्लिम धर्मशास्त्र्यानेच केली, अशी आख्यायिका आहे. त्याचा पुतळा कॅथीड्रलच्या मुख्य वेदीच्या भागात उभा आहे.

कॅथीड्रलच्या भोवतालच्या गल्ल्यांतून चालताना बाराव्या शतकाची आठवण ठेवावी. जिंकल्यानंतरही शहर अरबी बोलत होते, आणि केवळ मुसलमानच नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम सत्तेखाली राहिलेल्या इथल्या ख्रिस्त्यांची व्यवहाराची भाषा अरबीच होती. घरे, मळे, द्राक्षबागा यांची त्यांची अरबी खरेदीखते हजाराहून अधिक संख्येने टिकली आहेत, आणि त्यांतली कित्येक विजयानंतर शंभर-दोनशे वर्षांनी लिहिलेली आहेत.

इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड ज्या कामासाठी इथे आला, ते या लोकांमुळेच होऊ शकले. त्याला टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हवा होता. लॅटिनमध्ये तो मिळेना, तोलेदोत अरबीतून मिळाला. ११७५ मध्ये त्याचे भाषांतर पुरे झाले. ११८७ मध्ये जेरार्ड वारला तेव्हा त्याच्या शिष्यांनी केलेल्या यादीत सत्तरहून अधिक ग्रंथ होते. अल्-ख्वारिझ्मीचे बीजगणित त्यांतलेच. ‘अल्माजेस्ट’च्या कामात त्याच्या शेजारी बसणारा एक अरबीभाषक ख्रिस्ती होता : गालिप्पुस, म्हणजे बहुधा गालिब. डॅनियल नावाच्या एका इंग्रज प्रवाशाने ओघात लिहून ठेवले म्हणून एवढे तरी कळते.

काम कसे चाले, तेही ठाऊक आहे. इब्न सीनाचा आत्म्याविषयीचा ग्रंथ आवेंदाउथ हा ज्यू विद्वान अरबीतून शब्दशः लोकभाषेत सांगे आणि गुंदिसाल्वो हा ख्रिस्ती धर्माधिकारी ते लॅटिनमध्ये उतरवी. दोघांमधली ती लोकभाषा कागदावर उरली नाही. पुढच्या शतकात मात्र तिचे दिवस पालटले. याच शहरात जन्मलेला दहावा आल्फोन्सो युवराज असताना, १२५१ मध्ये, ‘कलीला व दिम्ना’चे कास्तीलियन भाषांतर झाले. हे कलीला आणि दिम्ना म्हणजे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक. संस्कृतातून पहलवीत, पहलवीतून अरबीत आणि अरबीतून इथे, असा त्या दोन कोल्ह्यांचा सातशे वर्षांचा प्रवास.

इथून पश्चिमेला, जुन्या ज्यू वस्तीकडे उतरावे. वाटेत सान्तो तोमेच्या चर्चमध्ये एल ग्रेकोचे ‘काउंट ओर्गाथचे दफन’ हे भव्य चित्र आहे. क्रीटहून आलेला हा चित्रकार १५७७ पासून मरेपर्यंत तोलेदोत राहिला, तरी सही ग्रीक अक्षरांत करी. चित्रातल्या लहान मुलाच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर ती शोधावी.

थोडे पुढे शमुएल हलेवीने १३५७ च्या सुमारास बांधवलेले सिनेगॉग. हलेवी राजा पेद्रोचा खजिनदार. भिंतींच्या गिलाव्यात हिब्रू स्तोत्रे कोरलेली, त्यांच्या शेजारी अरबी लेख, आणि कास्तीयाची राजचिन्हे. तीन समाजांच्या खुणा एकाच भिंतीवर. पण काही वर्षांतच राजाची मर्जी फिरली आणि हलेवी छळात मेला. जवळचेच सान्ता मारिया ला ब्लांका हे नालाकृती कमानींच्या पांढऱ्याशुभ्र रांगांचे आणखी एक सिनेगॉग. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे चर्च झाले. त्याआधी, १३९१ मध्ये, स्पेनभर ज्यूंच्या कत्तली झाल्या होत्या आणि त्यांतून तोलेदो सुटले नव्हते.

जीव वाचवायला किंवा मनापासून बाप्तिस्मा घेतलेल्यांनाही शहराने सोडले नाही. १४४९ मध्ये इथल्या बंडखोर पुढाऱ्यांनी फर्मान काढले : ज्यू वंशाच्या माणसाला, तो ख्रिस्ती असला तरी, शहरात अधिकाराचे पद मिळणार नाही. ‘रक्तशुद्धी’च्या नावाने पुढे स्पेनभर जे नियम झाले, त्यांची सुरुवात या दुभाष्यांच्या शहरात झाली. मग १४९२ चा हद्दपारीचा हुकूम आला. ज्या सान हुआन दे लोस रेयेस मठाच्या बाह्य भिंतीवर मुस्लिम राज्यातून सोडवलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या साखळ्या आजही लटकत आहेत, तो मठ बांधवणाऱ्या इसाबेला आणि फर्दिनांद यांनीच तो काढला होता. मठ आणि सिनेगॉग यांत पाच मिनिटांचेही अंतर नाही.

भाषांतराने माणसे जवळ येतात, असे आपण साहित्याच्या व्यासपीठांवर नेहमी म्हणतो. तोलेदो हिंडताना त्या वाक्यावर विश्वास ठेवायला अडचण होते. शहराने अरबीतले ज्ञान घेतले, ज्यू विद्वानांची मदत घेतली, गवंड्यांची विटकामाची रीत घेतली. आणि हे सारे आपलेसे झाल्यावर ते देणाऱ्यांना परके ठरवले. ग्रंथ स्वीकारणे आणि शेजारी स्वीकारणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले जमले म्हणून दुसरे आपोआप होत नाही.

परतीच्या वाटेवर पुन्हा कॅथीड्रल लागते. त्याच्या आसपास पूर्वी आल्काना नावाची बाजारपेठ होती. १६०५ साली आलेल्या ‘दोन किहोते’च्या नवव्या प्रकरणात निवेदकाला याच बाजारात एक पोरगा जुन्या अरबी वह्या विकताना भेटतो. त्या वाचून दाखवायला बाप्तिस्मा घेतलेल्या मुस्लिम घराण्यातला एक मोरिस्को सहज सापडतो. मनुका आणि गहू एवढ्या मोलावर तो दीड महिना निवेदकाच्या घरी राहून सारे भाषांतर करतो. युरोपातली एवढी थोर कादंबरी अरबीतून भाषांतरित झाली आहे, अशी सर्व्हान्तेसची ही गंमत. कादंबरी छापून झाल्यावर चारच वर्षांनी, १६०९ मध्ये, मोरिस्कोंच्या हद्दपारीचे हुकूम निघाले. निवेदक त्या भाषांतरकाराची मजुरी चोख सांगतो, नाव मात्र सांगत नाही.